घर आणि नोकरी सांभाळून पापापासून दूर कसं राहायचं: नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या) वर्गात आमच्या पाळकसाहेबांनी दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार तोंडपाठ करून घेतला होता. बाविसाव्या वर्षी नगरहून पुण्याला नोकरीला आलो, तेव्हा हे सगळं पाठ होतं. पण रात्री साडेदहाला कॉट बेसिसच्या खोलीत एकटा असताना, किंवा बिलाच्या कागदावर खोटा आकडा टाकायची वेळ आली तेव्हा नेमकं काय करायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं. चार-पाच वर्षं मी दर रविवारी पश्चात्ताप करायचो आणि बुधवारपर्यंत पुन्हा तिथेच असायचो.

नुकताच बाप्तिस्मा किंवा दृढीकरण झालेल्यांनी, आणि बऱ्याच वर्षांनी मंडळीत (चर्चमध्ये) परत आलेल्यांनी तेवढी वर्षं वाया घालवू नयेत, म्हणून हे लिहितोय. मला उशिरा कळलेली गोष्ट आधीच सांगतो. पाप अचानक येत नाही. त्याची यायची वाट ठरलेली असते आणि वेळही ठरलेली असते. ती वेळ येण्याआधी काहीतरी केलं तर निभाव लागतो. ऐन वेळी निश्चय करू म्हटलं, तर बहुतेकदा लागत नाही.

मी प्रोटेस्टंट मंडळीतला आहे, त्यामुळे शब्द त्या वळणाचे आहेत. कॅथलिक वाचकांनी जिथे मी विश्वासू माणसाशी बोला म्हणतोय, तिथे धर्मगुरूंपुढचं पापनिवेदनही धरावं.

हाताशी काय हवं

- पवित्र शास्त्र, तुम्हाला समजेल अशा भाषेतलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर केलं, ते साध्यासुध्या बायकांना वाचून कळावं म्हणून. जड भाषेचं ओझं घेऊन बसू नका.
- एक छोटी वही. मोबाइलमधली नको, कागदाची.
- गजराचं साधं घड्याळ. का, ते तिसऱ्या पायरीत येईल.
- एक विश्वासू माणूस.

1. आधी आठवडाभर फक्त नोंद करा

पहिल्याच दिवशी सगळं सोडायच्या शपथा घेऊ नका. सात दिवस वहीत एवढंच लिहा: काय घडलं, किती वाजता, कुठे, सोबत कोण होतं आणि त्याआधीच्या तासात काय झालं होतं.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या वहीत आठवड्याअखेर स्पष्ट दिसलं की घरी बायकोवर ओरडणं हे जवळजवळ दर वेळी संध्याकाळी सात ते साडेसातमध्ये होतं, आणि ज्या दिवशी दुपारचा डबा खायला वेळ मिळाला नव्हता त्याच दिवशी होतं. मी त्याला माझा रागीट स्वभाव म्हणत होतो आणि स्वभाव बदलावा म्हणून प्रार्थना करत होतो. प्रार्थना चूक नव्हती. पण एक वाजता पंधरा मिनिटं काढून डबा खाणं हाही त्या प्रार्थनेचाच भाग होता, हे मला कळलं नव्हतं.

याकोबाच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या 14 आणि 15 व्या वचनांत, हा क्रमच दिला आहे. आधी वासना ओढते, मग ती गर्भवती होते, मग पाप जन्मतं, आणि ते वाढून मरण आणतं. म्हणजे मधे पायऱ्या आहेत. तुमची वही त्यातली पहिली पायरी दाखवते.

इथे एक घोटाळा बरेचजण करतात. मनात मोह आला म्हणजेच पाप झालं असं समजून घाबरतात. आपल्या प्रभूलाही मोह झाले, आणि तरी तो निष्पाप राहिला, असं इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (4:15) स्पष्ट आहे. विचार दारात आला आणि तुम्ही त्याला बसायला पाट मांडला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण नको असलेला तोच तो विचार दिवसभर सुटत नसेल, पुन्हा पुन्हा क्षमा मागूनही छाती धडधडत असेल, झोप उडाली असेल, तर पाळकांशी बोला आणि मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवा. तो आजार असू शकतो, आणि आजारासाठी डॉक्टरकडे जाण्यात अविश्वास नाही.

2. सकाळची पंधरा मिनिटं

वेळ आणि जागा एकच ठेवा. एखाद्या शुभवर्तमानातून (येशूच्या चरित्रातून) थोडा भाग वाचा (सुरुवात मार्कपासून करा, ते सगळ्यात छोटं आहे, 16 अध्याय), आणि मग आजच्या दिवसाची प्रार्थना करा. "आज मला पापापासून राख" एवढं मोघम मागू नका. "आज चार वाजता त्या माणसाबरोबर मीटिंग आहे, तो टोचून बोलेल, तेव्हा माझी जीभ सांभाळ," असं मागा. चार वाजता ते आठवतं.

बायबल वाचायला जमत नसेल त्या दिवशी नारायण वामन टिळकांचं एखादं गीत म्हणा. आपल्या कितीतरी आज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी गीतांवरच आयुष्यभर विश्वास धरला.

3. वाट आधीच बंद करा

पोटीफरच्या घरात योसेफाने वाद घातला नाही, स्वतःची परीक्षाही पाहिली नाही. पोटीफरच्या बायकोने त्याला धरलं, तेव्हा अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला (उत्पत्ती 39). दावीद राजाची गोष्ट याच्या उलटी. दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायाची सुरुवात नीट वाचा: राजे लढाईला जातात तो काळ होता, आणि दावीद मागे यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी बिछान्यावरून उठून तो गच्चीवर फिरत होता. जिच्याशी त्याने व्यभिचार केला ती बथशेबा दिसण्याआधीच सगळं जुळून आलं होतं.

आपली गच्ची म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मोबाइल. रात्री दहाला तो स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावा आणि खोलीबाहेरच राहू द्या. उठायला गजर लागतो ही सबब असते, म्हणून वर ते घड्याळ सांगितलं. अश्लील गोष्टी पाहण्याची सवय असलेल्या मुलांना मी हा एकच उपाय पहिल्यांदा करायला सांगतो. ही सवय मुलींनाही असते, आणि त्या कोणापाशी बोलू शकत नाहीत, हेही पाळकांनी लक्षात घ्यावं. फोन सात पावलांवर असला की उठून जाण्याइतका वेळ मिळतो, आणि तेवढ्यात माणूस भानावर येतो.

दारूचं तसंच. पार्टीत गेल्यावर नाही म्हणू, असं ठरवून जाऊ नका. जाण्याआधी सोबतच्या एकाला सांगून ठेवा की मी घेत नाही आणि साडेनऊला निघणार आहे. घरी जायची गाडी आधी ठरवा. व्यसन जडलेलं असेल तर एवढ्याने भागणार नाही, त्याला उपचार आणि गटाचा आधार लागतो.

4. पैशाचा हिशोब

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पैशाच्या पापाला आपल्याकडे पाप म्हणायचीच सवय राहिलेली नाही.

पहिल्या नोकरीत मला कामासाठी रिक्षाने फिरावं लागायचं. पावती नसायची, व्हाउचरवर आपणच रक्कम लिहायची. एकदा ऐंशी रुपये झाले होते. मी 80 लिहिलं, मग पेन तसंच टेकवून क्षणभर थांबलो आणि आठाच्या आधी एक काढला. बास, एक उभी रेघ. कोणी काही विचारलं नाही. पुढचे अकरा महिने ती रेघ सवयीची झाली. सगळेच करतात, पगार कमी आहे, कंपनीला काय फरक पडतो, ही तिन्ही कारणं मी स्वतःला दिली.

लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) एका संध्याकाळच्या उपासनेत लूकचा एकोणिसावा अध्याय वाचला गेला. जकातदार जक्कयाने नुसती क्षमा मागितली नाही, तो उभा राहून म्हणाला की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो. मी घरी जाऊन हिशोब मांडला. आकडा 6,400 निघाला. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात नियम आहे की घेतलेलं परत करताना पाचवा हिस्सा वर घालावा. म्हणजे आणखी 1,280.

पैसे न्यायला धीर होईना, म्हणून आधी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाळा, नोकरी जाऊ शकते, हे धरून चल. आणि कारणं सांगू नकोस, फक्त रक्कम आणि तारखा सांग." तसंच केलं. अकाउंट्सवाल्यांनी डोक्याला हात लावला, ही रक्कम कुठल्या खात्यात घेऊ म्हणाले. शेवटी दोन पगारांतून कापली गेली. वरिष्ठ तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. नोकरी टिकली, पण टिकली नसती तरी करायला हवं होतं तेच केलं असं आज वाटतं.

तुमच्यासाठी यातून क्रम असा:

- आधी थांबवा. पुढचं व्हाउचर खरं भरा.
- मग वहीत पूर्ण आकडा काढा. अंदाजे असेल तर वरचा धरा.
- एकटे जाऊ नका. कायद्याच्या दृष्टीने गंभीर काही असेल (सही खोटी, मोठी रक्कम, सरकारी पैसा) तर वकिलाचा सल्लाही घ्या. वकिलाकडे जाणं म्हणजे लपवणं नव्हे.
- माणूस हयात नसेल किंवा सापडत नसेल तर त्याच्या वारसांना द्या. तेही नसतील तर गरजूंना द्या, आणि त्या दानाची पावती कोणाला दाखवू नका.

सरकारी कचेरीत काम अडलं की चिरीमिरी द्यावी का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, दिरंगाई झाली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली असते. ती मुदत कचेरीतच विचारा. महिना-दीड महिना जास्त लागेल, तो धरूनच चला.

5. जीभ

"साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं साहेब समोर बसलेले असताना सांगायला लावलं जातं. "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप घेऊ का?" हे खरं आहे आणि काम भागवतं. अशी दोन-चार खरी वाक्यं आधीच तयार ठेवा.

बाहेरच्या जगापेक्षा मंडळीतली चहाडी मला जास्त जड वाटते, कारण ती प्रार्थनेचे कपडे घालून येते. "तिच्या घरासाठी प्रार्थना करा बरं का, तिचा नवरा..." इथून सुरू होतं. खरोखर प्रार्थना हवी असेल तर नाव आणि तपशील लागत नाहीत, देवाला ते माहीत आहेत.

आणखी एक. स्थळ बघायला बसलो की आपण हळूच विचारतो, "मूळचे कोणातले?" ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक) भेद नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन आपण भिंतीवर लावतो आणि त्याच भिंतीखाली बसून हे विचारतो. या पापाची नोंद कोणाच्याच वहीत मला दिसलेली नाही. तुमच्या वहीत करा.

6. पूजा, प्रसाद, वर्गणी

महाराष्ट्रात राहून हा प्रश्न टळत नाही, आणि नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त गोंधळतो. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते, सोसायटीत गणपती असतो, शेजारच्या काकू मोदक घेऊन दारात उभ्या असतात.

मंडळ्यांमंडळ्यांत याबद्दल मतं वेगळी आहेत. म्हणून आधी आपल्या पाळकांना विचारा. शास्त्रातल्या तीन जागा मात्र स्वतः वाचा. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय, रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय, आणि दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा पाचवा. तिथे अरामाचा सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला विचारतो की माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा होवो. अलीशा त्याला झापत नाही. "शांतीने जा," म्हणतो.

मी काय करतो ते सांगतो. पूजेच्या आदल्या दिवशी मशीन पुसायला, तोरण बांधायला सगळ्यांच्या बरोबर असतो. कामाच्या जागेची ती स्वच्छता आहे आणि त्यात मला आनंद आहे. आरतीच्या वेळी मागे शांत उभा राहतो, ताट हातात घेत नाही. पहिल्या वर्षी फोरमनना दोन दिवस आधी बाजूला गाठून म्हणालो, "दादा, मी ख्रिस्ती आहे. पूजेत बसत नाही, पण कामात कुठेच मागे राहणार नाही. तुमचा अनादर करायचा नाही, म्हणून आधीच सांगतोय." ते म्हणाले, "अरे, सांगितलंस ते बरं केलंस. चहाची व्यवस्था तुझ्याकडे." त्यानंतर दर वर्षी चहा माझ्याकडे आहे.

आदल्या दिवशी सांगितलं की माणसं समजून घेतात. ऐन वेळी तोंड फिरवलं की दुखावतात, आणि ते दुखावणं आपल्या हातून होतं. काकूंचे मोदक प्रेमाने घ्या, आभार माना. नैवेद्याचे आहेत असं त्यांनीच सांगितलं आणि तुमचं मन घेत नसेल, तर हात जोडून तसं म्हणा, आणि नाताळात करंज्यांचं ताट त्यांच्याकडे पहिलं जाऊ द्या. फक्त एक पाळा: घरी येऊन त्यांच्या देवाची टिंगल करू नका. मुलं ऐकत असतात.

7. रात्रीचा झाडा

झोपण्याआधी दहा मिनिटं. सोळाव्या शतकात संत इग्नाशियस लोयोला यांनी शिकवलेली पद्धत कॅथलिक लोक आजही वापरतात. ती कोणत्याही मंडळीतल्या माणसाला उपयोगी आहे. आधी आज काय चांगलं मिळालं त्याचे आभार, मग देवाकडे उजेड मागणं, मग सकाळपासून दिवस डोळ्यांसमोरून नेणं, मग चुकीची क्षमा, मग उद्याचा एक ठराव. आभार पहिले आहेत, ते गाळू नका. थेट चुकांवर गेलात तर आठवड्याभरात ही वेळ नकोशी होते.

आणि ठराव एकच करा. "उद्या डबा एक वाजता."

8. पडलात तर

पडाल. त्या दिवशी काय करायचं ते आजच ठरवून ठेवा.

पहिल्या तासात प्रार्थना करा. आपण आपली पापं कबूल केली तर तो क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे, असं योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) आहे. शुद्ध झाल्यासारखं वाटेपर्यंत थांबू नका. "आता दिवस बिघडलाच आहे" हा विचार मूळ पापापेक्षा जास्त नुकसान करतो. त्याच रात्री आपल्या विश्वासू माणसाला कळवा, दोन ओळी पुरेत. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, यहूदाने धरून दिलं, आणि दोघांनाही पस्तावा झाला. पेत्र रडला आणि इतर शिष्यांमध्येच राहिला. यहूदा एकटा निघून गेला.

विश्वासू माणूस निवडताना: तुमच्याच लिंगाचा असावा, तुमच्याहून विश्वासात जुना असावा, आणि दुसऱ्याचं गुपित तुम्हाला सांगणारा नसावा. तिसरी अट मोडली की माणूस बदला.

9. क्षमा करण्याबद्दल

क्षमा करावीच लागते. पण नवऱ्याची मारहाण सोसत राहणं म्हणजे क्षमा, असा सल्ला कोणी बहिणीला देत असेल तर तो मानू नका, देणारा मंडळीतला कितीही मोठा असो. आधी सुरक्षित जागी जा, महिला हेल्पलाइन 181 ला फोन करा, तक्रार करा. मनातला सूड देवाच्या हाती सोपवणं ही क्षमा, आणि ती सुरक्षित जागी बसूनही करता येते.

10. प्रभुभोजनाच्या आधीचा दिवस

रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) असेल, तर शनिवारी रात्रीचा झाडा थोडा लांबवा आणि आठवड्याची वही उघडा. कोणाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे का, एवढंच बघा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

नाव सापडलं तर लगेच फोन लावा. मेसेज नको, आवाज ऐकू गेला पाहिजे. "माझं चुकलं" एवढ्यावर थांबा, त्यापुढे "पण" लावू नका. समोरच्याने फोन ठेवला तरी तुमच्या बाजूने जेवढं होतं तेवढं झालं. खूप रात्र झाली म्हणून राहून गेलं, तर रविवारी सकाळी चर्चच्या फाटकाबाहेर उभं राहून लावा. घंटा झाली आणि पहिलं गीत सुरू झालं तरी बोलणं पुरं करूनच आत या.